लव्हाळ्याची गाठ आणि बॉक्सरचा मेंदू

प्रश्न : आमच्या साडेआठ वर्षांच्या बॉक्सरला झटके येऊ लागले. एमआरआयमध्ये मेंदूत ग्लायोमाची गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, ‘काढली तरी पुन्हा येते, हिच्यात स्टेम सेल असतात.’ पण स्टेम सेल तर चांगल्या ना? लोक बाळाच्या नाळेतल्या पैसे भरून जपून ठेवतात! आणि दुसरं पिल्लू बॉक्सरचंच घ्यावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्याकडे उसात लव्हाळा माजतो. खुरपायला बाया बसतात, संध्याकाळपर्यंत सरी लख्ख होते, आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा हिरवे कोंब. खुरप्याने पात गेली. मातीतली काळी गाठ जागच्या जागी. डॉक्टरांना हेच सांगायचं असणार.

स्टेम सेल ही मुळात चांगलीही नाही, वाईटही नाही. तिच्या अंगी दोन कसब आहेत : स्वतःसारखी दुसरी पेशी घडवायची आणि वेगळं काम करणाऱ्या पेशीही घडवायच्या. रक्त, कातडी, आतड्याचं अस्तर रोज झिजतं ते याच कसबावर भरून निघतं. कॅन्सरच्या गाठीतल्या मूठभर पेशींकडे हेच कसब असतं, फक्त थांबायचं कुठे हे त्यांना कळत नाही.

याचा गाजलेला पुरावा माणसांच्या गाठींतून आला. टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलात शीला सिंग आणि पीटर डर्क्स यांच्या गटाने मेंदूच्या गाठीतल्या पेशी निवडून वेगळ्या केल्या : पृष्ठभागावर सीडी१३३ हे प्रथिन असलेल्या एकीकडे, नसलेल्या दुसरीकडे. मग त्या उंदरांच्या मेंदूत सोडल्या. पहिल्या ढिगातल्या अवघ्या १०० पेशींनी नवी गाठ धरली. दुसऱ्या ढिगातल्या एक लाख पेशी सोडूनही काही उगवलं नाही. हे २००४ साली छापून आलं. कुत्र्यांची पाळी २००९मध्ये आली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी कुत्र्याच्या ग्लायोब्लास्टोमातून (हा ग्लायोमाचाच एक प्रकार) अशाच पेशी वेगळ्या केल्याचं प्रसिद्ध केलं. बशीत या पेशी तळाला चिकटून पसरत नाहीत, एकमेकींना धरून तरंगते गोळे करतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते साबुदाण्यासारखे दिसतात. माणसाच्या गाठीतल्या पेशीही अगदी असंच करतात.

आता गाठ पुन्हा का येते? ग्लायोमाला कड नसते. तिच्या पेशी निरोगी मेंदूत पाझरलेल्या असतात, आणि मेंदू काही ‘जरा जास्तच कापून टाकू’ म्हणण्याची जागा नव्हे. शिवाय केमोची बरीच औषधं विभाजन चालू असलेल्या पेशींना गाठून मारतात. या मूळपेशी, म्हणजे गाठीतल्या स्टेम सेल, बहुधा निजलेल्या. २०१२मध्ये डॅलसच्या संशोधकांनी उंदरांत हे दाखवलं : टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध दिल्यावर गाठ आक्रसली, आणि नंतर जी वाढली ती अशा निजलेल्या पेशींपासून.

लव्हाळ्याची उपमा मात्र इथे लंगडी पडते. लव्हाळ्याच्या पातीची कधी गाठ होत नाही. ग्लायोमात साधी पेशीही पुन्हा मूळपेशीसारखी वागू लागू शकते, आणि सीडी१३३ नसलेल्या पेशींनीही पुढे काही प्रयोगांत गाठी धरल्या. म्हणून ‘तेवढ्या वाईट पेशी वेचून मारल्या की झालं’ असं कुणी छातीठोकपणे सांगू लागलं, तर मी जरा सावध होतो.

संशोधकांना कुत्र्याचं एवढं अगत्य का, तेही सांगतो. प्रयोगशाळेतल्या उंदरात माणसाची गाठ पेरायची तर आधी त्याची प्रतिकारशक्ती लुळी असावी लागते. कुत्र्याची गाठ आपसूक येते, प्रतिकारशक्ती शाबूत असताना, आणि मेंदूही एवढा असतो की शस्त्रक्रिया, रेडिएशन नीट करता येतं.

राहिलं पिल्लू. बॉक्सर, बोस्टन टेरियर, फ्रेंच बुलडॉग या चपट्या नाकाच्या जातींत ग्लायोमा जास्त आढळतो. २०१६च्या एका अभ्यासात या जोखमीचा धागा कुत्र्याच्या २६व्या गुणसूत्रापर्यंत पोचला. तरी बहुतेक बॉक्सरना हा आजार होत नाही. मला विचाराल तर गल्लीतलं गावठी पिल्लू उचला. पण बॉक्सरवर जीव जडलेल्या माणसाला हे पटवणं मला आजवर जमलेलं नाही.