पीककापणीचा हिशेब : सरासरी व संभाव्यता यांचा पहिला पाठ

पावसाळा सरत आला की तळा तालुक्यातील खाचरांत भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात. याच सुमारास ग्रामपातळीवरील कर्मचारी दोरी, खुंट्या, टेप व तराजू घेऊन काही शेतांत जातात, ठरलेल्या मापाचा तुकडा आखतात आणि त्यातील भात कापून, झोडून त्याचे वजन करतात. यास पीककापणी प्रयोग म्हणतात. महाराष्ट्रात हे काम महसूल, जिल्हा परिषद व कृषी या तीन खात्यांत वाटून दिलेले आहे. थोड्या खाचरांतील वजनावरून सबंध मंडळाचे उत्पन्न कसे सांगता येते, अशी शंका शेतकऱ्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर संख्याशास्त्रात आहे. आणि ते समजण्यास बेरीज, गुणाकार व भागाकार एवढे गणित पुरेसे आहे.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत हंगामाअखेरची भरपाई एकेका शेतावरून ठरत नाही. विमा घटकातील सरासरी उत्पन्न आधी ठरलेल्या उंबरठा उत्पन्नापेक्षा किती कमी आले, यावरून ती ठरते. आणि त्या सरासरीला पीककापणी प्रयोगांचा मोठा आधार असतो. म्हणून प्रयोगासाठी खाचर कसे निवडले, यावर अनेक कुटुंबांचा पैसा अवलंबून राहतो.

१. सरासरी

उदाहरण १ : समजा, एका शिवारात सारख्या क्षेत्राची दहा खाचरे आहेत. पहिली सहा वरच्या अंगास असून त्यांतील पीक चांगले आहे. उरलेली चार खाडीच्या अंगास असून बांध फुटून त्यांत खारे पाणी शिरले होते. प्रत्येक खाचरात ५ मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा कापला असता भाताचे वजन किलोग्रॅममध्ये असे भरले : ८.०, ८.५, ७.५, ९.०, ८.०, ७.० आणि खालच्या चार खाचरांत ३.०, २.०, ४.०, ३.०. तर हेक्टरी सरासरी उत्पन्न किती?

रीत : दहाही वजनांची बेरीज ६० किलो. ६० भागिले १० म्हणजे दर तुकड्यास सरासरी ६ किलो. तुकड्याचे क्षेत्र २५ चौरस मीटर. एका हेक्टरात १०,००० चौरस मीटर, म्हणजे असे ४०० तुकडे बसतात. ६ गुणिले ४०० बरोबर २,४०० किलो.

उत्तर : हेक्टरी २४ क्विंटल.

येथे तुकड्याच्या वजनात एका किलोची चूक झाली तर हेक्टरी उत्पन्नात ४ क्विंटलची चूक होते, हे ध्यानात घ्यावे. तराजू तपासून घेण्याचे महत्त्व यातच आहे.

२. सोयीचे खाचर व खरे खाचर

उदाहरण २ : वेळ थोडा होता म्हणून दहांऐवजी वाटेलगतच्या पहिल्या दोनच खाचरांत प्रयोग केला. उंबरठा उत्पन्न हेक्टरी ३० क्विंटल व विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरली, आणि हे शिवार म्हणजेच सबंध विमा घटक मानला, तर भरपाईत काय फरक पडेल?

रीत : पहिल्या दोन खाचरांची सरासरी ८.२५ किलो, म्हणजे हेक्टरी ३३ क्विंटल. हे उंबरठ्याच्या वर असल्याने भरपाई शून्य. खरी सरासरी मात्र २४ क्विंटल आहे. उंबरठ्याहून तूट ६ क्विंटल. ६ भागिले ३० म्हणजे शेकडा २०. पन्नास हजारांचे शेकडा २० म्हणजे १०,००० रुपये.

उत्तर : हेक्टरी १०,००० रुपयांचा फरक.

तराजू खरा होता, टेप खरी होती, बेरीजही बरोबर होती. खोटी ठरली ती निवड. ज्यांच्या खाचरांत खारे पाणी शिरले, त्यांची शेते वाटेपासून दूर असल्यामुळे हिशेबातच आली नाहीत. याउलट कोणी आग्रहाने सर्वांत वाईट दोन खाचरे निवडावयास लावली, तर सरासरी २.५ किलो, म्हणजे हेक्टरी १० क्विंटल निघेल. तीही तितकीच खोटी. शिवाय उंबरठा उत्पन्न मागील वर्षांच्या आकड्यांवरून काढतात. त्यामुळे आज मुद्दाम कमी दाखविलेला आकडा पुढे शेतकऱ्यालाच बाधू शकतो.

३. चिठ्ठीचा न्याय

यावर उपाय एकच : प्रत्येक खाचरास निवडले जाण्याची समान संधी देणे. यास यादृच्छिक निवड म्हणतात. दहा खाचरांच्या दहा चिठ्ठ्या करून न पाहता दोन उचलणे, हे तिचे सोपे रूप होय. प्रत्यक्ष कामात चिठ्ठीऐवजी यादृच्छिक अंकांचा उपयोग करतात, तत्त्व तेच.

चिठ्ठी टाकूनही दोन्ही चांगलीच खाचरे निघणार नाहीत कशावरून, असे कोणी विचारील. हा संभव मोजता येतो. अनुकूल प्रकारांच्या संख्येस एकूण समान शक्य प्रकारांच्या संख्येने भागले असता येणाऱ्या अपूर्णांकास संभाव्यता म्हणतात.

उदाहरण ३ : दहा चिठ्ठ्यांतून दोन काढल्या. दोन्ही चांगल्या खाचरांच्याच निघण्याची संभाव्यता किती? चार काढल्यास किती?

रीत : पहिली चिठ्ठी चांगल्या खाचराची असण्याची संभाव्यता ६/१०. ती बाजूस ठेवल्यावर नऊ चिठ्ठ्या उरतात व त्यांत चांगल्या पाच, म्हणून दुसरीची ५/९. दोहोंचा गुणाकार ३०/९०, म्हणजे १/३. चार चिठ्ठ्यांसाठी ६/१० × ५/९ × ४/८ × ३/७ = ३६०/५,०४०, म्हणजे १/१४.

उत्तर : दोन चिठ्ठ्यांत तीनांत एक वेळ, चार चिठ्ठ्यांत चौदांत एक वेळ.

नमुन्याची संख्या वाढविली की नुकसान नजरेतून सुटण्याचा धोका कसा झपाट्याने घटतो, हे यावरून दिसेल. वाटेवरची खाचरे निवडण्याच्या पद्धतीत मात्र खालची खाचरे येण्याची संभाव्यता शून्यच राहते, मग ती निवड शंभर वर्षे करा. चिठ्ठी एखादे वेळी चुकते. पण सर्व शक्य जोड्यांची सरासरी काढली असता ती बरोबर ६ किलोच येते. चिठ्ठी कोणाची बाजू घेत नाही, हाच तिचा गुण.

४. खाचरातील तुकडा

खाचर चिठ्ठीने ठरले, पण तुकडा डोळ्यांनी निवडला, तर सर्व श्रम वाया जातात. कारण डोळा दाट पिकाकडे वळतो. म्हणून तुकड्याची जागाही अंकांनीच ठरवावी. समजा, खाचर ३० मीटर लांब व १८ मीटर रुंद आहे. तुकड्याची बाजू ५ मीटर वजा केल्यास २५ व १३ उरतात. एक अंक १ ते २५ मधून व एक १ ते १३ मधून काढावा. १७ व ६ निघाल्यास नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीच्या बाजूने १७ मीटर जावे, तेथून काटकोनात ६ मीटर आत वळावे व खुंटी ठोकावी. तेथे पीक विरळ दिसले तरी खुंटी हलवू नये.

तुकडा अगदी लहान का घेत नाहीत, याचेही गणित आहे. दोरीजवळची रोपे आतली की बाहेरची, या संशयात ती बहुधा आत धरली जातात. समजा, चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर पट्टी चुकून आत आली. १ मीटर बाजूच्या तुकड्याचे क्षेत्र १.१ × १.१ = १.२१ होते; म्हणजे शेकडा २१ चूक. ५ मीटर बाजूच्या तुकड्याचे ५.१ × ५.१ = २६.०१, म्हणजे शेकडा सुमारे ४ चूक. लहान तुकड्यांमुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो, ही गोष्ट सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात प्रत्यक्ष कापणी प्रयोगांनी दाखवून दिली. यादृच्छिक पीककापणीची पद्धत देशभर रूढ होण्यात त्यांचा व डॉ. वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा आहे.

५. वालाचे बियाणे

हेच गणित शेतकऱ्यास स्वतःच्या कामीही येते. भात निघाल्यावर खाचरातील ओलीवर वाल लावतात.

उदाहरण ४ : ओल्या गोणपाटात वालाचे १०० दाणे ठेवले, त्यांतील ८० उगवले. दर ठिकाणी दोन दाणे टोकल्यास १,००० ठिकाणांपैकी किती रिकामी राहतील?

रीत : एक दाणा न उगवण्याची संभाव्यता २०/१००, म्हणजे १/५. दोन्ही न उगवण्याची १/५ × १/५ = १/२५. १,००० भागिले २५ बरोबर ४०.

उत्तर : सुमारे ४० ठिकाणे रिकामी राहतील.

मात्र हा गुणाकार दोन्ही दाण्यांचे उगवणे परस्परांवर अवलंबून नसेल तेव्हाच खरा. खाचराच्या एका कोपऱ्यात पाणी साचून राहिले तर तेथील दोन्ही दाणे एकदमच कुजतील. तेथे जादा बियाणे नव्हे, चर हवा.

सरावासाठी

(अ) उदाहरण ३ मधील दोन चिठ्ठ्या काढल्या असता दोन्ही नुकसानीच्या खाचरांच्या निघण्याची संभाव्यता काढा. (आ) एक चांगल्या व एक नुकसानीच्या खाचराची निघण्याची संभाव्यता काढा. (इ) उदाहरण ४ मध्ये दर ठिकाणी तीन दाणे टोकल्यास किती ठिकाणे रिकामी राहतील?

उत्तरे : (अ) २/१५. (आ) ८/१५. (इ) ८.

पीककापणीच्या दिवशी शेतकऱ्यांनी शेतावर हजर राहावे. खाचर व तुकडा कोणत्या अंकांनी ठरला हे विचारावे. वजन आपल्या वहीत लिहून घ्यावे. कर्मचाऱ्यांनीही ते अंक आपण होऊन सर्वांसमक्ष वाचून दाखवावेत. खालच्या अंगाच्या खाचराकडे जाणारी वाट चिखलाची असते. पण अंक त्या खाचराचा निघाला असेल, तर प्रयोग तेथेच झाला पाहिजे.