नव्या मास्तरांची धाकधूक

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि बहुतेक वर्षी त्याच सुमाराला देहू-आळंदीहून पालख्या निघतात. त्यामुळे वाटेत शाळेच्या गोष्टी निघतातच. अशाच एका मुक्कामी आमच्या दिंडीतले एक वयस्क माळकरी रात्री माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "माउली, तुम्ही मास्तरकी केलेली. आमच्या धाकटीला यंदा शाळा मिळाली. गावभर पेढे वाटले. अन् पोरगी आठ दिवसांत म्हणते, नको ही नोकरी. सकाळी पोटात कालवतं, घास उतरत नाही. तिला देवाचं काहीतरी सांगा."

देवाचे सांगायला मी कोण? शाळेचे तेवढे सांगू शकत होतो. त्यांनी फोन लावून दिला.

"पोरी, वर्गात मुलं किती?"

"गुरुजी, तिसरीची अकरा अन् चौथीची नऊ. एकाच खोलीत. तिसरीला शिकवायला घेतलं की चौथी उठते."

येथे जरा थांबून पाहा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. पहिली ते चौथी दोघांच्या हाती, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोन वर्ग. आणि पदविकेच्या सराव पाठात काय असते? एक वर्ग, एक तास, चार दिवस खपून केलेले टाचण आणि मागच्या बाकावर बसलेले परीक्षक! त्यात सुरुवातीची तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची, तेव्हा 'आपले चुकले तर?' हा घोर वेगळाच. मुलगी अडाणी नव्हती. तिला जे शिकविले ते एक आणि पुढे आले ते दुसरे. हे तिला सांगितले तेव्हा पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाली, "मला वाटलं, मलाच येत नाही."

छाती धडधडणे, हात गार पडणे, पोटात कालवणे ही शरीराचीच रीत आहे. संकट दिसले की ते पळायची तयारी करते. त्याला वर्ग आणि वाघ यांतला फरक कळत नाही! अशा वेळी दारातच उभे राहून श्वास सावकाश, घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडावा. चार-पाच वेळा केले की ठोके उतरतात. भीती जात नाही, पण आवाज फुटतो.

तिला मी गिजुभाई बधेकांचे 'दिवास्वप्न' वाचायला सांगितले. वकिली सोडून हा माणूस मुलांत रमला आणि १९२० साली भावनगरला त्यांनी बालमंदिर सुरू केले. त्या पुस्तकातले मास्तर मोठ्या उमेदीने वर्गावर जातात, शांततेचा खेळ घेतात आणि मुले असा गोंधळ करतात की अखेर सुटीच द्यावी लागते. दुसऱ्या दिवशी ते गोष्ट सांगू लागतात आणि वर्ग कान देऊन बसतो. एवढ्या मोठ्या शिक्षकाने पुस्तकाचा आरंभच फजितीने केला आहे.

माझी फजिती मात्र पुस्तकात घालण्याजोगी नाही. पहिल्याच दिवशी फळ्यावर गणित मांडले आणि मध्येच अडलो. पुढच्या रांगेतल्या एका पोराने भाबडेपणाने विचारले, "गुरुजी, तुम्ही भ्यालात का?" मी त्याच्यावर असा ओरडलो की वर्ग गार पडला. "होय रे, आज पहिलाच दिवस आहे," एवढे म्हणालो असतो तर काय बिघडले असते? ते पोर वर्षभर मला काही विचारायला आले नाही. भ्यालेला मास्तर रागावतो आणि मुलांना वाटते, गुरुजी कडक आहेत.

म्हणून तिला सांगितले, "आधी वीस मुलांची नावं पाठ कर. हजेरीपट न बघता हाक मारता आली की निम्मी शाळा तुझी. तिसरीला शिकवायच्या आधी चौथीच्या हाती पाटी-पेन्सिल दे, मग तिकडे वळ. अन् अडलं की शेजारच्या खोलीतल्या बाईंना विचार, लाजू नकोस." नवा टाळकरी एकटा ताल धरीत नाही. जुन्याच्या शेजारी उभा राहून त्याच्या हाताकडे बघतो, चुकतो, पुन्हा धरतो. मास्तरकीत मात्र आपण पोराला पहिल्या दिवसापासून एकटे उभे करतो, हे मला कधीच पटले नाही.

आणखी एक. दोन-दोन आठवडे झोप नाही, अन्न जात नाही, जीव नकोसा वाटतो, असे असेल तर अंगारा-धुपाऱ्यावर थांबू नये. डॉक्टरांकडे न्यावे. टेली मानस ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. ताप आला तर आपण औषध घेतोच ना?

पुढे पंढरीत पौर्णिमेला काला झाल्यावर ते गृहस्थ पुन्हा भेटले. म्हणाले, "भीती अजून हाय म्हणते. पण आता गोष्ट अर्धी सांगून घरी येते अन् उरलेली दुसऱ्या दिवशी सांगते. पोरं तिच्या आधी शाळेत हजर."