क्रिप्टोत करिअर? नाणी नकोत, कोड शिका

डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा घरी म्हणतो, ‘‘मला क्रिप्टोमध्ये करिअर करायचंय,’’ आणि आईवडिलांच्या पोटात गोळा येतो. ही भीती अनाठायी नाही. दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष दाखवणाऱ्या गेनबिटकॉइन योजनेत कित्येकांचे पैसे बुडाले आणि २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीला अटक केली, हे महाराष्ट्रात अजून कुणी विसरलेलं नाही.

पण रागावण्याआधी मुलाला एवढंच विचारा की, तुला नेमकं काय करायचंय? नाणी घेऊन भाव वाढायची वाट पाहणं हे करिअर नव्हे. क्रिप्टोच्या नेटवर्कसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे मात्र रीतसर इंजिनिअरिंगचं काम आहे. ते शिकायला एक रुपयाचंही नाणं घ्यावं लागत नाही, आणि शिकण्याचा उत्तम मार्ग म्हणजे एखादी ओपन सोर्स लायब्ररी, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार, खुला कोड.

बिटकॉइनजे : एक चांगलं उदाहरण

बिटकॉइनचं नेटवर्क जानेवारी २००९ मध्ये सुरू झालं. त्याचा मूळ प्रोग्राम सी प्लस प्लस भाषेत होता. जावा भाषेत वॉलेट, म्हणजे नाणी सांभाळणारा आणि पाठवणारा प्रोग्राम, लिहू पाहणाऱ्याने पत्ता तयार करणं, व्यवहारावर डिजिटल सही करणं, जगभरच्या संगणकांशी बोलणं हे सगळं मुळापासून लिहायचं का? गूगलमध्ये इंजिनिअर असलेल्या माइक हर्न यांनी मार्च २०११ मध्ये ही सोय बिटकॉइनजे नावाच्या लायब्ररीत करून दिली. तिचा परवाना अपाची २.० आहे. म्हणजे कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

नेटवर्कची सगळी खतावणी उतरवून घ्यायची तर फोनची साठवण पुरणार नाही. बिटकॉइनजे व्यवहारांच्या प्रत्येक गठ्ठ्याचा, म्हणजे ब्लॉकचा, फक्त ८० बाइटचा मथळा तपासते आणि आपल्याशी संबंधित व्यवहार तेवढे मागवते. म्हणूनच अँड्रॉइड फोनवरची वॉलेट्स तिच्यावर उभी राहू शकली.

कोडमध्ये शिकण्यासारखं काय आहे?

रक्कम कशी ठेवली आहे ते पाहा. एका बिटकॉइनचे १० कोटी भाग असतात. त्या एका भागाला सातोशी म्हणतात. बिटकॉइनजे रक्कम दशांश अपूर्णांकात ठेवत नाही, सातोशींच्या पूर्णांकात ठेवते. कारण संगणकाला नेहमीच्या दशांश पद्धतीने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करायला सांगितली, तर उत्तर ०.३ पेक्षा किंचित मोठं येतं. पैशाच्या हिशेबात हे ‘किंचित’ चालत नाही. बँकेचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही हीच काळजी घ्यावी लागते.

आता जुन्या पद्धतीचा बिटकॉइनचा पत्ता पाहा. त्यात शून्य, मोठा ओ, मोठा आय आणि छोटा एल ही चिन्हं येतच नाहीत, कारण ती वाचताना एकमेकांसारखी दिसतात. शिवाय पत्त्यातच ४ बाइटचा पडताळा दडलेला असतो. एखादं अक्षर चुकलं तर पैसे निघण्याआधीच लायब्ररी ते पकडते. चुकीच्या पत्त्यावर गेलेले पैसे परत आणणारी बँकेची कोणतीही शाखा इथे नाही, म्हणून ही दक्षता.

सगळ्यात मोठा धडा ऑगस्ट २०१३ चा. प्रत्येक सहीसाठी एक नवा, कुणालाही ओळखता न येणारा यादृच्छिक आकडा लागतो. अँड्रॉइडच्या असे आकडे देणाऱ्या यंत्रणेतच दोष होता आणि काही वेळा तोच आकडा पुन्हा मिळत होता. दोन सह्यांत एकच आकडा आला, की साध्या बीजगणिताने मालकाची सही करण्याची गुप्त किल्ली काढता येते. तशी ती काढली गेली आणि लोकांची नाणी चोरीला गेली. वॉलेट लिहिणाऱ्यांचा स्वतःचा कोड बरोबर असूनही त्यांना तातडीने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या. पुढे तो आकडा नशिबावर न सोडता, किल्ली आणि संदेश यांच्यावरूनच ठरवण्याची पद्धत बिटकॉइनजेमध्ये आली. बारावीचं गणित कुठे उपयोगी पडतं, असं विचारणाऱ्या मुलांना हे उत्तर जरूर द्या.

सुरुवात कशी करायची?

*अकरावी-बारावी :* एक भाषा नीट शिका. जावा किंवा पायथन, दोन्ही चालतील. गणितात भागाकाराची बाकी, मूळ संख्या आणि संभाव्यता पक्की करा.

*डिप्लोमा किंवा पदवीची पहिली दोन वर्षं :* कोडमधले बदल नोंदवणारं गिट हे साधन शिका. मग रेगटेस्ट या स्थानिक चाचणी नेटवर्कवर काम सुरू करा. ते तुमच्याच लॅपटॉपवर चालतं, नाणी तिथेच तयार होतात आणि त्यांची किंमत शून्य असते. दोन वॉलेट तयार करा, एकातून दुसऱ्यात रक्कम पाठवा आणि त्या व्यवहारातला प्रत्येक बाइट कशासाठी आहे ते समजून घ्या.

*तिसरं वर्ष आणि पुढे :* लायब्ररीला हातभार लावा. सुरुवात छोटी असू द्या : दस्तऐवजातली चूक, राहून गेलेली एखादी चाचणी, न समजणारा त्रुटीसंदेश. तुमचा बदल अनुभवी लोक ओळ न ओळ तपासतील, परत पाठवतील, कारणं विचारतील. नाउमेद होऊ नका. इतकं कसून शिकवणारा वर्ग फी भरूनही सहज मिळत नाही. ‘समर ऑफ बिटकॉइन’ हा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन इंटर्नशिप कार्यक्रमही पाहून ठेवा.

उद्या नाणं कोसळलं तर?

याचं उत्तर खुद्द हर्न यांच्या वाटचालीत आहे. जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी बिटकॉइनचा प्रयोग फसल्याचं जाहीर केलं, आपली नाणी विकली. त्याच सुमारास ते आर३ या कंपनीत गेले. तिथे बँकांसाठी कॉर्डा ही व्यवहार नोंदणीची प्रणाली घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नाण्यावरचा विश्वास उडाला, पण हातातलं कौशल्य बँकांच्या कामी आलं. आणि बिटकॉइनजे? ती दुसऱ्या प्रोग्रामरांनी सांभाळली.

हे कौशल्य पेमेंट कंपन्या, बँका आणि सायबर सुरक्षा या सगळ्यांना लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलाना या दुसऱ्या क्रिप्टो नेटवर्कच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या दोन आवृत्त्यांत चोरटा कोड घुसवण्यात आला होता. असा कोड वेळीच ओळखणारे डोळे ज्याच्याकडे आहेत, त्याला काम शोधत फिरावं लागणार नाही. ब्रिंक, ओपनसॅट्स यांसारख्या संस्था ओपन सोर्स काम करणाऱ्यांना अनुदानही देतात. मात्र त्यासाठी आधी काम दिसावं लागतं.

पालकांनी काय सांभाळायचं?

‘कोर्ससोबत नाणी घ्या’ किंवा ‘आणखी चौघांना जोडा’ असं सांगणाऱ्या क्लासच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. नोकरीचा पगार रुपयांत आणि बँक खात्यातच घ्यायला सांगा. नाणी विकून झालेल्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. मुलाखतीच्या नावाखाली अनोळखी कोड चालवायला लावणाऱ्या भामट्यांपासून मुलांना सावध करा. वॉलेटचे १२ किंवा २४ गुप्त शब्द मागणारा माणूस चोरच समजा.

आणि दर महिन्याला मुलाजवळ बसा. ‘किती कमावलंस?’ असं न विचारता ‘या महिन्यात काय लिहिलंस, कुणी तपासलं आणि काय सुधारायला सांगितलं?’ असं विचारा. ओपन सोर्समधलं सगळं काम तारीखवार उघड्यावर असतं, त्यामुळे हे त्याला दाखवता येईल. दाखवत असेल तर त्याला निर्धास्तपणे पाठिंबा द्या. दाखवायला काहीच नसेल आणि बोलण्यात फक्त भाव असतील, तर त्याला वेळीच थांबवा.