गावचा कचरा, गावचा प्रयोग आणि सर्वांचे ज्ञान

वाघोटन खाडीच्या मुखाशी वसलेल्या विजयदुर्ग गावात कचरा तीन ठिकाणी उत्पन्न होतो : घरात, बागेत आणि बंदरावर. घरातून भाजीचे देठ, राख व प्लास्टिक; बागेतून आंब्याचा पातेरा व नारळाची सोडणे; बंदरावरून मासळीची डोकी व आतडी. यांतील प्लास्टिक वगळता बहुतेक सर्व पदार्थ खताचा कच्चा माल आहेत. तरीही पातेरा जाळला जातो, मासळीची घाण खाडीत टाकली जाते आणि खत मात्र पोत्यांनी विकत आणले जाते. जाळल्याने तणाचे बी मरते व राखही मिळते, हे खरे. परंतु पातेऱ्यातील सेंद्रिय द्रव्य व बहुतेक नत्र हवेत निघून जाते. मुसळधार पावसाने धुपणाऱ्या जांभ्याच्या जमिनीस ही हानी परवडणारी नाही.

संशोधनास पैसा कोणी दिला?

कचऱ्यापासून खत करण्याचे शास्त्र आपल्या देशात कसे वाढले, हे पाहण्याजोगे आहे. १९२४ साली इंदूर येथे वनस्पती-संशोधन संस्था स्थापन झाली. इंदूर दरबाराने तिला जमीन दिली व मध्य हिंदुस्थानातील काही संस्थानांनी वर्गणी दिली. खर्चाचा मोठा भार भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने उचलला. या समितीचे उत्पन्न १९२३ च्या कायद्यान्वये कापसाच्या दर गाठीमागे बसविलेल्या लहानशा करातून येत असे. म्हणजे शेतकऱ्याच्या मालावरील थेंबाथेंबाने तळे साचले, आणि त्या तळ्यातून संशोधनास पाणी मिळाले.

तेथे आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांचे थर रचून, ठरावीक वेळी ते चाळवून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. १९३१ साली त्यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. खड्ड्याची मापे, थरांचा क्रम, चाळवण्याच्या वेळा, सर्व काही उघडपणे सांगितले. त्यामुळेच ही रीत पुढे आफ्रिकेतील मळ्यांपर्यंत पोहोचली. १९३९ च्या सुमारास बंगलोर येथे डॉ. आचार्य यांनी शहरी कचऱ्यासाठी न चाळवता खत करण्याची रीत सिद्ध केली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे ना. दे. पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाकीची रीत शेतकऱ्यांपुढे ठेवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरूनच ती 'नाडेप' या नावाने ओळखली जाते.

याच जिल्ह्यातील वेंगुर्ले नगरपरिषदेने २०१५ पासून घरोघरी कचरा वेगळा करवून घेतला, ओल्या कचऱ्यापासून गॅस व खत केले आणि प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात वापरले. कचरा टाकण्याची जागा पाहण्यास बाहेरगावचे लोक येऊ लागले, हाच त्या कामाचा खरा प्रसार होय.

पैसा आहे, माहिती हवी

स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात, २०२० नंतर, ५ हजारांपर्यंत वस्तीच्या गावांस घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत साहाय्य ठरविण्यात आले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवला. अशा पैशातून टाकी बांधता येते, गाडी घेता येते. परंतु आंब्याचे चिवट पान कोकणच्या पावसात किती दिवसांत कुजेल, याचे उत्तर टाकीबरोबर मिळत नाही. ते गावानेच प्रयोगाने काढावयाचे असते.

प्रयोगाची रीत

कातळावर खड्डा खणणे कठीण असते आणि पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते. म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांची, सांधे मोकळे ठेवलेली टाकी जमिनीच्या वर रचावी. लांबी ६ फूट, रुंदी ४ फूट व उंची ३ फूट पुरे. वर झापांचे आच्छादन घालावे. अशा दोन टाक्या शेजारी शेजारी कराव्यात.

१. पहिल्या टाकीत पातेऱ्याचा सहा इंचांचा थर, त्यावर शेणकाला व त्यावर मातीचा पातळ थर, असा क्रम ठेवावा.

२. दुसऱ्या टाकीत तोच क्रम ठेवून प्रत्येक शेणकाल्यावर बिनमिठाच्या टाकाऊ मासळीचा पातळ थर द्यावा व तो लगेच मातीने झाकावा. मासळीत नत्र भरपूर असते. कोरड्या पानांस कुजण्यासाठी तेच कमी पडते. माती न घातल्यास माशा, दुर्गंधी व कुत्री यांचा उपद्रव होतो.

३. ओल अशी असावी की मूठ दाबली असता हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये.

४. पंधरा दिवसांनी, महिन्याने व दोन महिन्यांनी दोन्ही टाक्यांतील माल चाळवावा.

केवळ एका वाडीतील अनुभवावर निष्कर्ष काढू नये. निदान तीन वाड्यांत हा प्रयोग एकाच वेळी करावा. खत तयार झाल्यावर भाताच्या एकेक गुंठ्याचे तीन तुकडे निवडावेत : एकास पहिले खत, दुसऱ्यास तितकेच दुसरे खत, तिसऱ्यास काहीच नाही. कापणीनंतर तिन्हींचे धान्य वेगवेगळे मोजावे.

नोंद व वाटप

कार्यकर्त्याने वहीत तारीख, कचऱ्याच्या पाट्यांची संख्या, मजुरी, खर्च, उष्णता, वास व माशा यांची नोंद ठेवावी. ही वही ग्रामसभेत वाचून दाखवावी, तिची प्रत शेजारच्या ग्रामपंचायतींस आणि गिर्ये-रामेश्वर येथील कृषी विद्यापीठाच्या आंबा संशोधन उपकेंद्रास द्यावी व तेथील तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

फसलेला प्रयोगही लपवू नये. एका गावाने अपयश झाकले, तर दुसरे गाव तोच पैसा व तोच पावसाळा पुन्हा वाया घालविते. सार्वजनिक पैशातून मिळालेले ज्ञान सर्वांचे आहे. खत शेतात पसरले म्हणजेच पिकाच्या कामी येते, ढिगात पडून राहिले तर नव्हे. ज्ञानाचेही तसेच आहे.