कोर्सआधी सोबत शोधा

‘ताई, मोबाइलवर कुठला कोर्स करू?’ वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ या गावांच्या पट्ट्यात गोडाऊनमध्ये काम करणारी मुलं-मुली मला हे सारखं विचारतात. मी उलट विचारते, ‘तुझ्यासोबत कोण बसणार आहे?’ काहींचा हिरमोड होतो. पण इन्व्हेंटरीचं काम सांभाळून मी असे कोर्स केलेत आणि आजूबाजूच्यांचे अर्ध्यात बुडालेलेही पाहिलेत, म्हणून कळकळीने सांगते.

सोय भरपूर आहे. आयआयटी आणि आयआयएस्सीचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम ‘एनपीटीईएल’ २००३ पासून आहे, केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ ९ जुलै २०१७ला सुरू झालं. शिकायला पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. व्हिडिओ, वाचायचं साहित्य, चाचण्या आणि शंका विचारायची जागा, असं सगळं त्यात असतं. या शेवटच्या जागेकडे आपली मुलं फिरकत नाहीत. हजारो अनोळखी लोकांसमोर इंग्रजीत प्रश्न लिहायचा म्हटलं की हात आखडतो.

मग व्हॉट्सॲप ग्रुप निघतो, आणि खरा धोका इथे आहे. मी ज्या ग्रुपमध्ये होते तिथे मुदत संपायच्या रात्री ‘आन्सर टाका’ एवढाच मेसेज फिरायचा. कुणीतरी उत्तरं टाकायचं, बाकीचे ती भरून झोपायचे. असाइनमेंटचे गुण भरभरून आले. पण एनपीटीईएलचा हिशोब असा की असाइनमेंटला २५ गुण आणि परीक्षेला ७५. त्या ७५ पैकी किमान ३० मिळालेच पाहिजेत. केंद्रावर संगणकासमोर एकटं बसल्यावर त्यातल्या बहुतेकांना काही सुचेना. शुल्क गेलं, आणि ‘आपल्याला हे जमणारं नाही’ हा समज मनात पक्का बसला. पैशांपेक्षा मला त्या समजाचं दुःख जास्त आहे.

पुढच्या खेपेला आम्ही मोजकी माणसं रविवारी सकाळी एकाच्या घरच्या ओटीवर बसू लागलो. लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, व्हिडिओ मध्येच थांबवायचा आणि बोलायचं. एका वेळी किती माल मागवावा, याचं सूत्र आलं तेव्हा सगळे अडकले. वर्षाचा खप गुणिले एका ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले एक खोका वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि मग वर्गमूळ. इनवर्डला काम करणारा दादा गणितात कच्चा, पण तोच बोलला, ‘ठेवण्याचा खर्च म्हणजे नुसतं गाळ्याचं भाडं नाही. पावसाळ्यात खालच्या थरातले खोके ओल धरतात, ते धरले का?’ कुणी ऑर्डरच्या खर्चात गाडीभाडं आणि हमाली मिळवली. मग आकडे घातले: खप ३६०० खोके, ऑर्डरचा खर्च २०० रुपये, ठेवण्याचा १६ रुपये. उत्तर आलं ३०० खोके. दादाने ठेवण्याचा खर्च वाढवून पाहिला, आकडा खाली आला, आणि असं का होतं ते त्यानेच सगळ्यांना समजावलं. प्राध्यापकांचा व्हिडिओ उत्तमच होता, तरी सूत्र डोक्यात बसलं ते त्या बोलण्याने.

जगभरचा अनुभव वेगळा नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्किट्सच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १ लाख ५५ हजार लोकांनी नाव घातलं, प्रमाणपत्रापर्यंत पोचले ७,१५७. त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांमध्ये मंगोलियातल्या उलानबातरचा पंधरा वर्षांचा बट्टुशिग म्यांगनबायर होता. त्याच्या हुशारीचं जगभर कौतुक झालं. पण त्याच्या शाळेचे प्राचार्य स्वतः एमआयटीत शिकलेले होते, त्यांनी मुलांचा वर्ग लावला, प्रयोगाचं साहित्य आणि शिकवणारा माणूस अमेरिकेहून आणवला, हे फारसं कुणी सांगत नाही. आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून गावोगाव अभ्यासकेंद्रं उभी केली, संपर्कसत्रं ठेवली, ती सोबतीच्या याच गरजेपोटी.

गोडाऊनमध्ये काम करणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. एनपीटीईएलची सत्रं जानेवारी आणि जुलैत सुरू होतात. जुलैचं सत्र नेमकं गणपती, दसरा, दिवाळीच्या सेलमध्ये सापडतं. डिस्पॅचला तेव्हा घरी जायची वेळ ठरलेली नसते. आपल्यासाठी जानेवारी बरा. त्यातही एखादा आठवडा हुकला तर धीर सोडू नका, बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वांत चांगल्या आठच असाइनमेंट धरल्या जातात. इंग्रजीची भीती असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’पासून सुरुवात करा; लिबरऑफिस कॅल्कसारखे धडे तिथे मराठीत आहेत. जवळच्या कॉलेजात एनपीटीईएलचं स्थानिक केंद्र आहे का, तेही विचारून या.

सोबतीला फार माणसं लागत नाहीत, दोन-तीन पुरेत. एकच कोर्स, एकच वार, एकच जागा ठरवा आणि उत्तरं मागणाऱ्याला उत्तर न देता ‘ये, बसू’ म्हणा. जानेवारीत सुरू करायचं असेल तर डिसेंबरातच ती नावं पक्की करा, नोंदणी त्यानंतर.