स्विचसमोरची मोकळी जागा



अमेरिकेत वीजजोडणीचे काम पत्करणाऱ्याने तेथील राष्ट्रीय विद्युत संहितेच्या ११०.२६ या कलमातील मापे पाठ करावीतच, पण ती कोणासाठी ठरवली आहेत हेही नीट समजून घ्यावे. पुरवठा चालू असताना ज्या उपकरणाची तपासणी किंवा दुरुस्ती करावी लागण्याचा संभव असतो, त्याच्यासमोर हे कलम कामापुरती मोकळी जागा सक्तीची करते. डिस्कनेक्ट स्विच, म्हणजे यंत्राचा पुरवठा तोडणारा स्विच, बंद केल्यावरही त्याच्या पुरवठ्याकडील टोकांत वीज असतेच आणि यंत्राकडील टोकांतून ती खरोखर गेली की नाही हे मीटर लावूनच कळते. म्हणून ‘स्विच बंद करूनच काम होणार’ ही सबब येथे लंगडी पडते.

जमिनीच्या तुलनेत दाब १५० व्होल्टपर्यंत असेल तर समोरच्या मोकळ्या जागेची खोली किमान ३ फूट लागते. २७७ व्होल्टच्या जोडणीत समोर काँक्रीटची वा विटांची भिंत असेल तर साडेतीन फूट लागते, कारण अशा भिंती भूसंपर्कित, म्हणजे जमिनीशी विद्युतदृष्ट्या जोडलेल्या, मानल्या जातात; आणि समोरासमोर दोन्हीकडे उघडे विद्युतभारित भाग असतील तर ४ फूट लागते. रुंदी ३० इंच किंवा उपकरणाइतकी, यांपैकी जी जास्त असेल ती धरावी. उपकरणाचे दार किमान ९० अंशांत उघडावे, आणि या जागेत सामान कदापि साठवू नये.

घराबाहेर वातानुकूलन यंत्राच्या मागे, भिंतीवर हा स्विच बसवला की चूक उघड दिसते: तपासणी करणारा यंत्रावर ओणवा होतो, त्याचा हात विद्युतभारित टोकांजवळ आणि छाती भूसंपर्कित पत्र्यावर टेकलेली असते, त्यामुळे हात घसरल्यास प्रवाह थेट छातीतून जातो. मोकळ्या जागेत उभ्या असलेल्या माणसाला निदान मागे सरता येते.

म्हणून यंत्राचा चौथरा ओतण्यापूर्वीच ही जागा नकाशावर आखून वातानुकूलनाच्या ठेकेदाराला दाखवावी, आणि पुढे कोणी ती अडवू लागल्यास भिडेखातर गप्प न बसता काम थांबवावे. ज्याच्या जिवासाठी ही जागा राखायची, तो दुरुस्तीवाला त्या वेळी बाजू मांडायला तेथे हजर नसतो.