सल्ला दिल्यानंतरचे दिवस

आजचे वाचन : महाभारत, उद्योगपर्व, अध्याय ३३ ते ४०



हे आठ अध्याय म्हणजे विदुरनीती. धृतराष्ट्राला रात्री झोप लागत नाही, म्हणून तो विदुराला बोलावून घेतो आणि म्हणतो, मला हिताचं काही सांग. विदुर रात्रभर सांगत राहतो. ज्ञानी कोण, मूर्ख कोण, राजाने काय करावं, पैशाचं काय करावं, सगळं. यातला एकेक श्लोक शाळेच्या भिंतीवर रंगवलेला असतो. पण आज आपण उपदेश बाजूला ठेवू आणि विदुराच्या नोकरीकडे बघू. कारण नोकरी म्हणून पाहिलं तर ही फार अवघड जागा आहे. हुशारी सगळ्यांना मान्य, सल्ला रोज विचारला जातो, आणि निर्णय मात्र रोज उलटा होतो.

आपल्याकडे अहिराणीत माणूस कपाळावर हात मारून म्हणतो, "मन्हं कोन आयकस?" विदुराला हे म्हणायचा हक्क सगळ्यात जास्त होता.

त्याचं म्हणणं का ऐकलं जात नव्हतं, याचं पहिलं कारण महाभारत लपवत नाही. धृतराष्ट्र, पांडू आणि विदुर, तिघांचेही जनक व्यासच. पण विदुराची आई दासी. त्यामुळे अक्कल त्याची आणि खुर्ची दुसऱ्याची. द्यूताच्या सभेत त्याने विरोध केला तेव्हा दुर्योधनाने मुद्द्याचं उत्तर दिलंच नाही. तू आमचं खातोस आणि शत्रूचे गोडवे गातोस, मांडीवर घेतलेला साप आहेस, अशा अर्थाचं बोलला. बघा, आजही असंच होतं. मुद्दा खोडता आला नाही की माणूस खोडतात. "तू कालचा पोरगा", "तुम्हाला मार्केटचं काय कळतं ताई", "तो त्या गटाचा आहे".

दुसरं कारण जास्त खोल आहे, आणि ते याच वाचनाच्या शेवटी येतं. सगळं ऐकून झाल्यावर धृतराष्ट्र कबूल करतो की विदुरा, तू म्हणतोस ते बरोबर आहे, माझंही मन पांडवांकडेच वळतं; पण दुर्योधन समोर आला की ते पुन्हा फिरतं. मग दैवावर ढकलून मोकळा होतो.

मला हा प्रसंग संपूर्ण ग्रंथातल्या सर्वात खऱ्या प्रसंगांपैकी एक वाटतो. साहेब केबिनमध्ये मान डोलावतात, "करेक्ट आहे तुझं" म्हणतात, आणि संध्याकाळी नेमकी उलटी ऑर्डर निघते. आपल्याला वाटतं, आपण नीट सांगू शकलो नाही. पुढच्या वेळी अजून आकडे नेतो, अजून मोठ्याने बोलतो. पण विदुराच्या सांगण्यात कमी काय होती? काहीच नाही. अडचण ऐकणाऱ्याच्या मोहात होती. प्रत्येक कचेरीत असा एखादा दुर्योधन असतोच, आणि तो माणूसच असेल असं नाही. कधी ती महिनाअखेर असते, कधी वरच्या ऑफिसचा फोन, कधी "आजवर असंच चाललंय ना" ही सवय. तो कोण आहे हे ओळखलं, तर निदान स्वतःला दोष देणं थांबतं.

आता आपल्याच मातीतली एक गोष्ट सांगतो. ती धुळ्याकडच्या लोकांनी तरी विसरू नये.

साल १८८४. तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबार असे जिल्हे नव्हते. सगळा मिळून एक खानदेश आणि त्याचं ठाणं धुळे. पूर्व आणि पश्चिम खानदेश हे १९०६ नंतरचे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून नुकताच शिकून निघालेला, तेविशीच्या आतबाहेरचा एक तरुण मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागला आणि इकडे आला. घर पार म्हैसूर संस्थानात. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ज्यांच्या जन्मदिवशी, १५ सप्टेंबरला, आज आपण अभियंता दिन साजरा करतो तेच. पण त्या वर्षी ते कोणीच नव्हते.

त्यांना काम मिळालं पांझरा नदीवर, साक्रीकडच्या दातर्ती गावाजवळ. नदीच्या प्रवाहाखालून नळ टाकून पाणी पलीकडे न्यायचं. याला सायफन म्हणतात. एका काठावर पाणी नळात उतरतं, पात्राच्या खालून जातं आणि दुसऱ्या काठावर आपल्याच दाबाने वर येतं. फक्त पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली ठेवावं लागतं. पांझरेच्या काठच्या माणसाला पाण्याची ही कारागिरी नवी नाही. फड पद्धतीचे बंधारे आणि पाट इथे शेकडो वर्षांपासून आहेत, पाळीप्रमाणे पाणी देणारा पाटकरीही आहे. पण पात्राखालून नळ टाकायचा तर पात्र खणावं लागतं. आणि खणायची वेळ आली ती नेमकी पावसाळ्यात.

विश्वेश्वरय्यांनी जागा पाहिली आणि वरिष्ठांना, म्हणजे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरांना, कळवलं की पावसाळा संपेपर्यंत हे काम पुढे ढकलावं. यात चुकीचं काय होतं? पांझरा ज्याने भर पावसात पाहिली आहे तो सांगेल. पण साहेबांना त्यात नदी दिसली नाही, नव्या पोराची बेशिस्त दिसली. तसा शेराही त्यांनी मारला. नोकरीचं पहिलंच वर्ष, इंग्रजांचा अंमल आणि कागदावर शिस्त नसल्याचा शेरा. अशा वेळी पोटात कसा खड्डा पडतो ते नोकरदारालाच ठाऊक.

त्यांनी काम हातात घेतलं. पाऊस व्हायचा तो झालाच, कामात अडथळे यायचे ते आलेच. म्हणजे त्यांचा अंदाज बरोबर होता. तरीही दोन महिन्यांच्या आत त्यांनी सायफन पुरा केला.

मला या गोष्टीत सल्ला बरोबर निघाला यापेक्षा ते दोन महिने महत्त्वाचे वाटतात. ज्याच्या मनात "येऊ दे पूर, मग कळेल साहेबांना" असं असतं, त्याच्या हातून भर पावसात दोन महिन्यांत काम उभं राहत नाही. हात आपोआप सैल पडतात. मजूर उशिरा आले तर तो बोलत नाही, सामान भिजलं तर झाकत नाही. तोंडाने काही न बोलता तो आपला सल्ला खरा करत बसतो.

इथेच विदुरनीतीतलं एक सूत्र कामाला येतं. ते दुसऱ्याच अध्यायात, म्हणजे चौतिसाव्यात, अगदी सुरुवातीला आहे. विदुर म्हणतो, ज्याचा पराभव व्हावा अशी आपली इच्छा नाही, त्याला न विचारताही खरं सांगावं; मग ते गोड असो वा कडू. सल्ला द्यायचा अधिकार विदुर वयावरून ठरवत नाही, पदावरून नाही, जन्मावरून तर नाहीच. एकच अट घालतो. समोरचा हरू नये असं तुला मनापासून वाटतं का?

ही अट सल्ला देताना पाळणं सोपं आहे. सल्ला नाकारल्यावर पाळणं कठीण. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात तुम्ही सुपरवायझर आहात असं समजा. तुम्ही सांगितलं की हे मशीन आधी दुरुस्तीला घ्या, मग मोठी ऑर्डर धरा. मालक म्हणाले, चालवा तसंच. त्या क्षणापर्यंत तुम्ही विदुर होता. पण दुसऱ्या दिवशी मशीनचा आवाज बदलला, आणि तो ऐकून मनात किंचित बरं वाटलं? तिथे पारडं फिरलं. सल्ला हिताचा राहिला नाही, पैज झाला. डाळमिलमध्ये, पतसंस्थेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, कुठेही हेच.

बरं, विदुर काही पुतळा नव्हता. त्यालाही लागलं होतं. वनपर्वाच्या आरंभी, पांडव वनात गेल्यावर, तो पुन्हा धृतराष्ट्राला सांगायला जातो की अजूनही मुलाला आवर. धृतराष्ट्र चिडतो आणि म्हणतो, तुला जायचं तिथे जा. विदुर खरंच निघून जातो, काम्यक वनात पांडवांकडे. मग इकडे राजाला चैन पडेना. संजयाला पाठवून तो विदुराला परत बोलावतो आणि विदुर परत येतो. मान ठेवला नाही तर दार उघडून बाहेर पडण्याची मुभा शास्त्राने काढून घेतलेली नाही, हे त्या बिचाऱ्यांसाठी सांगतो जे दहा दहा वर्षं अपमान गिळून "सेवा आहे, सेवा आहे" म्हणत बसतात. मात्र निघायचं तर विदुरासारखं. मागे आग लावून नाही.

एक जागा मात्र मला टोचते, ती सांगूनच पुढे जातो. द्यूताचं आमंत्रण घेऊन इंद्रप्रस्थाला कोण गेलं? विदुरच. त्याने आधी विरोध केला, राजाने ऐकलं नाही आणि वर त्यालाच निरोप्या केलं. युधिष्ठिराला त्याने लपवलं नाही. हा जुगार अनर्थाचं मूळ आहे, मी अडवायचा प्रयत्न केला, आता तू तुझं बघ, असं स्पष्ट सांगितलं. तरी निरोप पोचवलाच. याचं समर्थन पुष्कळ जण करतात, मला ते पूर्ण पटत नाही. दातर्तीचं काम आणि हस्तिनापुरचा फासा एका मापाने मोजता येत नाहीत. पावसात काम केलं तर कष्ट वाढतील, खर्च वाढेल. असा मतभेद असेल तर एकदा नीट सांगून वरिष्ठांचं मानावं, त्यात कमीपणा नाही. पण जिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, मशीनचं गार्ड काढून मजुराला उभं करताहेत, उघड्या वायरीखाली काम लावताहेत, किंवा कोणाच्या ठेवी बुडतील असा कागद सही करायला पुढे करताहेत, तिथे "मी सांगितलं होतं" पुरत नाही. तिथे पुन्हा सांगायचं, लेखी सांगायचं, त्याच्या वरच्याला सांगायचं, आणि आपल्या हाताने तर करायचंच नाही.

सांगण्याची पद्धत विश्वेश्वरय्यांकडून घेण्यासारखी आहे. त्यांनी काम सुरू व्हायच्या आधी सांगितलं, जागा बघून सांगितलं, आणि चहाच्या टपरीवर न बोलता ज्याच्या हातात निर्णय होता त्यालाच कळवलं. "नको" असं नाही, "पावसाळ्यानंतर" असं. नुसता नकार ऐकणाऱ्याला आडमुठेपणा वाटतो. पर्याय असला की निदान विचार करायला काही हातात राहतं. तरीही शेरा मिळालाच म्हणा! पद्धत बरोबर असली की फळ मिळतंच असं नाही.

आणि लोक गंभीरपणे कधी घेतात? याचं उत्तर थोडं निराश करणारं आहे. उशिरा. याच माणसाने बनवलेली, पाणी ठराविक पातळीवर चढलं की आपोआप उघडणारी दारं १९०३ साली पुण्याजवळ खडकवासल्याला बसली, दातर्तीनंतर १९ वर्षांनी. दातर्तीची हकिकत त्यांनी आपल्या आठवणींत लिहिली, ते पुस्तक १९५१ सालचं. त्यानंतर ४ वर्षांनी भारतरत्न मिळालं. मधल्या काळात त्यांनी "माझं ऐका" असा धोशा लावला नाही, एकामागून एक कामं उभी केली.

याच विदुरनीतीत असंही आहे की गोड बोलणारे ढीगभर मिळतात, पण कडू आणि हितकर बोलणारा दुर्मिळ, आणि ऐकणाराही तितकाच दुर्मिळ. आपण पहिला अर्धा भाग स्वतःला लावून घेतो आणि दुसरा साहेबाला. पण आपल्या हाताखाली कोणी आहेच की. नवीन लागलेला पोरगा, झाडू मारणाऱ्या मावशी, घरातली सून. १९३२ साली धुळ्याच्याच तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. म्हणून गीता प्रवचने आज आपल्या हातात आहेत. सांगणाऱ्याचं नाव मोठं आहेच, पण कान देऊन लिहिणारा नसता तर ते शब्द तुरुंगाच्या भिंतीतच राहिले असते.

आज दिवसभरात एक करून बघा. आपला जो सल्ला कुणी मानला नाही, तो आठवा, आणि ज्याने मानला नाही त्याचं काम सुरळीत पार पडो, असं देवापुढे त्याचं नाव घेऊन म्हणा. म्हणताना जीभ कुठे अडखळते ते नीट बघा. उत्तर मला कळवायची गरज नाही.

युद्ध संपल्यावर, शंभर मुलं गेल्यावर, धृतराष्ट्र जमिनीवर कोसळतो. स्त्रीपर्वात तो प्रसंग आहे. तेव्हा त्याच्याजवळ बसून समजावणाऱ्यांत विदुर आहे. पुन्हा तोच राजा, पुन्हा बोलणारा तोच. विदुर त्याला सांगतो जन्माबद्दल, मरणाबद्दल, शोक कसा सोसावा याबद्दल.

उद्याचे वाचन : उद्योगपर्वातील भगवद्यानपर्व. तिथे विदुरच श्रीकृष्णाला म्हणतो की जे ऐकणार नाहीत त्यांच्यापुढे बोलू नकोस, बहिऱ्यापुढे गाण्यासारखं ते आहे. आणि कृष्ण तरीही जातो.